माशांचा उपाय

सुदेश तावडे यांच्या मुलाचं लग्न जमत नव्हतं, आणि नेमकी तीच गोष्ट सुदेशरावांच्या सुखाचं कारण होऊन बसली होती. एवढ्यावरून लगेच त्यांच्याबद्दल मत बनवू नका. माणूस पापभीरू. ठाकुर्लीला पूर्वेकडे तिसऱ्या मजल्यावर राहणारे, अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झालेले, बिल्डिंगच्या गणपतीत टाळ वाजवणारे आणि आपला टाळ जरा मागेच पडतो हे स्वतःच हसत सांगणारे. मुलावर त्यांचा जीव होता. मितेश ऐरोलीला आयटीत होता, निर्व्यसनी, दिसायला बरा, पण एकतिशी उलटली तरी कुठे योग येईना. त्याचं लग्न जमावं असं सुदेशरावांना मनापासून वाटे. फक्त अगदी याच आठवड्यात जमावं असं वाटत नसे, इतकंच.

याला कारण दिवा गावचे मधुगुरुजी. योगिनीताई, म्हणजे सुदेशरावांच्या सौभाग्यवती, मुलाची पत्रिका घेऊन त्यांच्याकडे गेल्या होत्या. गुरुजींनी पत्रिका उलटीसुलटी करून पाहिली आणि उपाय सांगितला. रोज सकाळी मुलाच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने तलावातल्या माशांना कणकेच्या गोळ्या घालायच्या. लग्न ठरेपर्यंत. खंड पडता कामा नये, आणि लग्न ठरल्यावर मात्र थांबायचं, कारण फळ मिळाल्यावरही मागत राहणं बरं दिसत नाही.

आता गंमत बघा. तावडे मूळचे राजापूरकडचे. योगिनीताईंचं लहानपण बांगड्यावर पोसलेलं. पण बारा वर्षांपूर्वी त्या सत्संगाला जाऊ लागल्या, गळ्यात तुळशीची माळ आली आणि घरातून मासे गेले. नुसते मासे नव्हे, तर माशांचा तवासुद्धा भंगारवाल्याला दिला गेला. सुदेशरावांनी तक्रार केली नाही. पहिलं वर्षभर ते बाजारात कोळणींच्या रांगेवरून जाताना पावलं जरा हळू टाकत, मग तेही सुटलं. आणि आता त्याच घरात योगिनीताई पहाटे आंघोळ करून, नाम घेत घेत, तूप आणि चिमूटभर हळद घालून माशांसाठी कणीक मळू लागल्या. घरच्यांच्या पोळ्यांना तूप वरून लागे. माशांच्या गोळ्यांत ते मुरलेलं असे. स्टीलचा डबा भरून त्या सुदेशरावांच्या हातात देत आणि म्हणत, ‘सावकाश घाला हं. घाईघाईने नका टाकू.’

सुदेशराव सावकाश घालत. तलाव घरापासून चालत फार लांब नव्हता. एका बाजूला जुना वड आणि देवीचं देऊळ, दुसऱ्या बाजूला पालिकेचा जॉगिंग ट्रॅक, मधे हिरवट पाणी आणि पायऱ्यांजवळ पाटी : ‘मासे पकडण्यास सक्त मनाई आहे.’ त्या पाटीच्या बरोबर खाली प्लास्टिकची खुर्ची टाकून, हाफ पँट आणि गळ्यात जाड सोन्याची चेन अशा थाटात दौलतशेठ पाटील मासे पकडत बसलेले असत.

दौलतशेठ इथले मूळचे. एकेकाळी त्यांची भातशेती तलावापर्यंत होती. आता त्या शेतात चार टॉवर उभे होते आणि प्रत्येकात दौलतशेठचे फ्लॅट होते. माशांची त्यांना काही ददात नव्हती. घरी सुना फोनवरून सुरमई मागवत आणि ती साफ करून, तुकडे करून दारात येई. तलावातल्या माशाला तर घरात प्रवेशच नव्हता, कारण पाण्याला कसलासा वास होता. म्हणून दौलतशेठ पकडलेला मासा परत पाण्यात सोडून देत.

‘मग पकडता कशाला?’ सुदेशरावांनी पहिल्याच ओळखीत विचारलं.

‘घरान बसून काय करू?’ दौलतशेठ म्हणाले. ‘सगली लोका टीवी बगतान. मी पानी बगतंय.’

पंधराएक दिवस हे दोघे एकाच पायरीवर दोन टोकांना बसून दोन वेगळी कामं करत होते. एक माशांना खाऊ घालत होता, दुसरा त्यांना पकडत होता, आणि मासे, माशांचं काय, जिथे तूप असेल तिथे जात. दौलतशेठच्या ब्रेडच्या आमिषाकडे कोणी फिरकेना. शेवटी एका सकाळी दौलतशेठनी नम्रपणे हात पुढे केला.

‘तावडेसाहेब, यक गोली द्या ना मना.’

सुदेशराव दचकले. पत्नीने नाम घेत मळलेली कणीक गळाला? पण त्यांच्या भिडस्त स्वभावाला ‘नाही’ हा शब्द कधी जमलाच नव्हता. त्यांनी गोळी दिली. दौलतशेठनी ती गळाला लावली, तंगुसाची दोरी पाण्यात सोडली, वर बुचाचा तुकडा तरंगू लागला. क्षणात बूच बुडालं. दौलतशेठनी काठी सुदेशरावांच्या हातात कोंबली. ‘धरा, धरा! खेचू नका, नुसती धरा!’

त्या काठीतून जे काही हातात आलं, ते सुदेशरावांना पुढे कधी नीट सांगता आलं नाही. बत्तीस वर्षं स्टोअरमध्ये त्यांनी रंगाची पिंपं मोजून दिली होती आणि मोजून घेतली होती. त्यांच्या हाताने कधी काही ओढलं नव्हतं आणि कोणी त्यांना ओढलंही नव्हतं. आता पाण्याखालून कोणीतरी अदृश्य, पूर्ण ताकदीनिशी त्यांच्याशी भांडत होतं. तळहाताएवढी चिलापी बाहेर आली तेव्हा सुदेशरावांच्या तोंडून ‘अगं आई गं!’ असं निघालं आणि ट्रॅकवरच्या दोन बायका वळून बघू लागल्या. चिलापी त्यांनी स्वतः पाण्यात सोडली.

त्या दिवसापासून डब्याची वाटणी झाली. अर्ध्या गोळ्या उपायाच्या, अर्ध्या गळाच्या. पापभीरू माणसाला पाप करायचं तर आधी त्याचा नीट विचार करावा लागतो, आणि सुदेशरावांनी तो केला. मासा गोळी खातोच, म्हणजे उपाय होतोच. शिवाय पकडलेल्याला आपण सोडतो, म्हणजे जीवदानही होतं. नुसती गोळी घालण्यापेक्षा यात पुण्य जास्तच निघतं, असाही एक निष्कर्ष त्यांच्या हाती लागला. दौलतशेठनी गळाचा काटा कानशीने घासून गुळगुळीत करून दिला, तेव्हा तर मनात राहिलेली किल्मिषंही गेली. काठी दौलतशेठच्या गाडीच्या डिकीत राहू लागली. घरी काही सांगायचा प्रश्नच नव्हता, कारण घरी कोणी काही विचारलंच नव्हतं.

योगिनीताई एवढंच विचारत, ‘आले होते का मासे?’

‘आले होते की,’ सुदेशराव म्हणत. यात खोटं काय होतं?

अशी तीन वर्षं गेली. दरम्यान स्थळं येत होती आणि मोडत होती. बदलापूरच्या मुलीला फ्लॅट स्टेशनच्या जवळ हवा होता. डोंबिवलीच्या एकीला मितेश फार कमी बोलतो असं वाटलं. पनवेलची मुलगी मात्र सगळं ठरतंय असं वाटत असतानाच नाही म्हणाली, आणि योगिनीताईंनी अंथरूण धरलं. दोन दिवस त्या जेवल्या नाहीत. सुदेशरावांनी त्यांना चहा करून दिला, उशाशी बसले, ‘अगं, त्यात काय, आपल्या नशिबात याहून चांगली असेल,’ असं म्हणाले, आणि स्वयंपाकघरात कप विसळताना त्यांच्याही नकळत एक जुनं भावगीत गुणगुणू लागले. वाईट त्यांनाही वाटलं होतं. मुलाचा उतरलेला चेहरा बघवत नव्हता. पण त्या वाईट वाटण्याच्या तळाशी, कोणाला दिसणार नाही अशा जागी, उद्या सकाळी तलावावर जायचंय ही गोष्ट शाबूत होती.

सत्संगातल्या बायकांना योगिनीताई सांगत, ‘यांचा धीर बघून मला बळ येतं हो. कितीही नकार येऊ देत, हे डगमगत नाहीत.’ बायका सुदेशरावांकडे आदराने पाहत. सुदेशराव खाली बघत, आणि ते विनयाचं लक्षण समजलं जाई.

हे असंच आणखी काही वर्षं चालायला हरकत नव्हती. पण लोकांना जागरूक करणारी माणसं आली.

एका सकाळी ऐश्वर्या नावाची एक मुलगी टॅबलेट घेऊन पायरीवर आली. कुठल्याशा संस्थेतर्फे ती शहरातल्या तलावांवर फिरत होती. शहरी माणसाला विरंगुळा म्हणून मासेमारी करता येते, हे किती जणांना ठाऊक आहे, असा तिच्या अभ्यासाचा विषय होता. तिने अतिशय अदबीने सुदेशरावांना विचारलं, ‘काका, या तलावावर हौशी मासेमारी केली जाते, याची आपल्याला कल्पना आहे का?’

सुदेशरावांच्या हातात काठी होती. पाण्यात बूच होतं. डोक्यावर मनाईची पाटी होती.

‘नाही,’ सुदेशराव म्हणाले.

‘आपण स्वतः कधी केली आहे का?’

‘छे छे.’

ऐश्वर्याने काठीकडे पाहिलं, मग सुदेशरावांकडे पाहिलं, आणि जे उत्तर मिळालं ते इमानदारीने नोंदवलं. तिने दौलतशेठनाही विचारलं. ‘आमी? नाय बा,’ दौलतशेठ म्हणाले. ‘आमी नुस्तं बसलोव.’ तेवढ्यात सुदेशरावांचं बूच बुडालं आणि चांगली वीतभर चिलापी वर आली. सुदेशराव सगळं विसरून लहान मुलासारखे हसले. ‘काका, एक फोटो काढू?’ ऐश्वर्याने विचारलं. आणि ‘नाही’ हा शब्द, मघाशी दोनदा वापरून झाल्यामुळे की काय, आता काही त्यांच्या तोंडून निघाला नाही.

संस्थेचा निष्कर्ष आला की नागरिकांना या छंदाची अजिबात माहिती नाही. तलावावर काठ्या टाकून बसलेल्या प्रत्येकाने तसं स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती. मग चक्रं फिरली. मनाईची पाटी खरवडून तिथे ‘मत्स्यछंद कट्टा’ अशी पाटी आली. पायऱ्यांवर फरशा बसल्या. उद्घाटनाचा रविवार ठरला, स्पर्धा ठरली, आणि लोकांना कळावं म्हणून ठिकठिकाणी बॅनर लागले.

नेमक्या त्याच रविवारी कृतिकाचे आईवडील मुलगा बघायला येणार होते.

हे स्थळ सत्संगातून आलं होतं. माणसं माजिवड्याची. मुलगी एका दवाखान्यात लॅबमध्ये कामाला, आणि मितेश तिच्याशी फोनवर बोलताना दोनदा मोठ्याने हसला होता, ही घरातली अभूतपूर्व घटना होती. वडील विठ्ठलराव कडक माळकरी. त्यांची अट एकच. घर निर्मळ हवं. ‘आमच्या मुलीने आजवर मासा हातात धरलेला नाही,’ असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं, आणि योगिनीताईंनी अभिमानाने उत्तर दिलं होतं, ‘आमच्या यांनीसुद्धा पंधरा वर्षांत नाही.’

शनिवारी सकाळी डबा घेऊन निघालेले सुदेशराव कोपऱ्यावर आले आणि थबकले. स्टेशनकडून त्यांच्या बिल्डिंगकडे वळणाऱ्या रस्त्यावर, विजेच्या दोन खांबांच्या मधे, ते स्वतः लटकत होते. दोन्ही हातांत चिलापी, चेहऱ्यावर आयुष्यातलं सगळ्यात मोठं हसू. वर लिहिलं होतं, ‘या, मासे पकडा, आनंदी राहा!’ पाहुणे कुठूनही आले तरी त्यांना याच रस्त्याने वळावं लागणार होतं.

सुदेशराव समोरच्या टपरीवर बसले आणि चहा मागवला. त्यांनी काहीही केलं नसतं तरी चाललं असतं. पाहुण्यांनी बॅनर पाहिला असता, विठ्ठलरावांनी चहा न घेताच निरोप घेतला असता, योगिनीताईंनी पुन्हा अंथरूण धरलं असतं. आणि सोमवारी सकाळी डबा भरला गेला असता. नव्या फरशांवर, पाटीच्या अभय छायेत, बिनघोर बसता आलं असतं. हा विचार त्यांच्या मनात आला, आणि तो येऊन तसाच निघून गेला नाही, बसून राहिला. चहाचा दुसरा ग्लासही संपला. मग त्यांना मितेशचं ते फोनवरचं हसू आठवलं आणि स्वतःची भयंकर लाज वाटली. ते उठले आणि तडक दौलतशेठकडे गेले.

‘बॅनर उतरवता येईल का हो?’

‘पालिकेचा हाय, उतरवला तर बोंब होल,’ दौलतशेठ विचार करत म्हणाले. ‘पन वर दुसरा लावला तर कोन काय बोलतंय? आमचे मयूरचा वाडदिवस हाय ना.’

‘कधी आहे?’

‘दिवालीला.’

दिवाळीला अजून बराच अवकाश होता. पण संध्याकाळी त्या दोन खांबांवर दौलतशेठच्या नातवाचा, काळा चष्मा घातलेला, भला थोरला बॅनर चढला : ‘युवा नेतृत्व मयूरशेठ पाटील यांना वाढदिवसाच्या आगाऊ शुभेच्छा!’ मागच्या बॅनरचं खालचं टोक तेवढं बाहेर राहिलं होतं. त्यात सुदेशरावांच्या चपला दिसत होत्या. चपला कोणाच्याही असू शकतात.

रविवारी पाहुणे आले. विठ्ठलरावांनी घर पाहिलं, देव्हारा पाहिला, समाधानाने पोहे खाल्ले. ‘इकडे बॅनर फार,’ एवढंच ते म्हणाले. मितेश आणि कृतिका गॅलरीत जाऊन बोलत उभे राहिले आणि इतका वेळ उभे राहिले की आतल्या मोठ्या माणसांचे विषय संपले. शेवटी दोघं आत आली. कृतिकाने आईकडे बघून मान हलवली. विठ्ठलरावांनी उठून सुदेशरावांना मिठी मारली. ‘अशी शुद्ध माणसं मिळायला भाग्य लागतं,’ ते म्हणाले, आणि सुदेशरावांनी सवयीप्रमाणे खाली पाहिलं.

पाहुणे गेले तेव्हा उन्हं उतरली होती. मितेश आपल्या खोलीत गेला आणि दार लावून फोनवर बोलू लागला. योगिनीताई देवापुढे साखर ठेवून आल्या आणि सुदेशरावांच्या समोर बसल्या. चेहरा नुसता उजळला होता.

‘अहो, गुरुजींना फोन केला. म्हणाले, फळ मिळालं, आता उपाय थांबवा. उद्यापासून तुम्ही निवांत झोपा. ऊन म्हणू नका, पाऊस म्हणू नका, एक दिवस चुकला नाहीत तुम्ही. तुमचेच कष्ट आहेत हे.’

सुदेशराव हसले. निदान तसा प्रयत्न केला.

‘काय झालं? बरं वाटत नाही का?’

‘तसं नाही.’

‘मग चेहरा असा का? आनंद नाही झाला तुम्हाला?’

दमलोय म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण तीन वर्षं पहाटे उठून कणीक मळणारी बाई समोर बसून आपल्याला कष्टाचं श्रेय देत होती, आणि ते काही सुदेशरावांच्या घशाखाली उतरेना. त्यांनी सगळं सांगून टाकलं. दौलतशेठ, गळ, अर्ध्या गोळ्या, सोडून दिलेले मासे. बॅनर झाकल्याचं तेवढं सांगितलं नाही, कारण ती बढाई वाटली असती. ‘मला ते फार आवडायला लागलं गं,’ ते म्हणाले. ‘दुसरं काही नाही. उद्यापासून नाही म्हटल्यावर जरा...’

योगिनीताई म्हणाल्या, ‘मारला नाहीत ना एकही?’

‘नाही. देवाशपथ. एकही नाही.’

‘मग राहू दे ते. सोडून देत होता ना.’ त्यांनी समोरच्या बशीतलं उरलेलं बिस्किट पुड्यात परत ठेवलं. ‘मला सांगितलं असतं तर मी जास्त मळली असती.’

सुदेशरावांच्या छातीवरचं ओझं उतरलं. इतकं सोपं होतं तर आपण तीन वर्षं कशाला लपवलं, असं त्यांना वाटून गेलं. जीवदान, घासलेला काटा, उपायात न पडलेला खंड, अशी कितीतरी उत्तरं त्यांनी तयार ठेवली होती. एकाचीही गरज पडली नाही. ते आणखी काही सांगणार होते, मोठ्या रोहूची हकीगत वगैरे, पण योगिनीताईंचा हात पुड्यावर तसाच थांबला होता.

‘म्हणजे लग्न ठरलं की हे बंद होणार, ते तुम्हाला ठाऊक होतं.’

‘हो.’

‘पहिल्यापासून.’

‘हो. म्हणजे गुरुजींनीच...’

‘पनवेलच्या मुलीने नाही म्हटलं, तेव्हा तुम्ही मला चहा करून दिला होतात,’ योगिनीताई हळूच म्हणाल्या. ‘मग आत जाऊन गाणं म्हणत होतात. मी पडल्या पडल्या ऐकत होते. मला वाटलं, मला बरं वाटावं म्हणून म्हणताय.’

सुदेशराव पुढे सरकले.

‘योगिनी, अगं, वाईट मलाही वाटलं होतं...’

‘वाटलं असेल.’

आतून मितेशच्या हसण्याचा आवाज आला. दोघांनीही तिकडे पाहिलं. योगिनीताई उठल्या आणि पाहुण्यांचे कप गोळा करू लागल्या. सुदेशराव मदतीला उठले, तर त्यांनी हातानेच नको म्हटलं.

‘तलावावर जायचं तर जा उद्या. माझी ना नाही,’ त्या म्हणाल्या. ‘फक्त मितेशला यातलं काही कळू देऊ नका. तो तुम्हाला फार मानतो.’

आणि त्या कप घेऊन आत गेल्या.